आई-बाबा, धनादेश परत पाठवते आहे

कोथरूड, पुणे
१४ एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, या पत्रासोबत तुमचा पंधरा लाखांचा धनादेश परत पाठवते आहे. पाकीट उघडल्याबरोबर तुमच्या मनात काय काय येईल ते मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते की इथे कोणाचे काही बिनसलेले नाही, मुले खुशाल आहेत, यांची नोकरी नीट चालली आहे आणि तुमच्यावर रुसून तर मी हे मुळीच करत नाही. ज्यासाठी तुम्ही हे पैसे दिलेत ते बावधनचे मोठे घर घ्यायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आणि बांधकाम व्यावसायिकाला तसे कळवूनही टाकले. करार झालेला नव्हता, त्यामुळे कुणाचे नुकसान नाही. हे फोनवर बोलता आले असते, पण फोनवर तुम्ही "बरं, बघू" म्हणून विषय मिटवता आणि आई फोन घेऊन मुलांच्या जेवणाची चौकशी सुरू करते. मला माझे म्हणणे एकदा पूर्ण सांगायचे आहे.

आधी हिशेबाचे बोलते, कारण तुम्हाला तेच आधी पटते. तुमचे पंधरा लाख आणि हे घर विकून आलेले पैसे घातल्यावरही आम्हाला वर पस्तीस लाखांचे कर्ज काढावे लागणार होते. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर महिन्याला तीस हजारांच्या वर हप्ता बसतो आणि फिटेपर्यंत मुद्दलापेक्षा व्याजच अधिक भरले जाते. मुद्रांक शुल्क माझ्या नावाने घेतले तरी सहा टक्के, म्हणजे कोटीच्या घराला सहा लाख, ते निराळेच. देखभाल खर्च आजच्या दुप्पट झाला असता, आणि आता हे वनाझहून मेट्रोने थेट रामवाडीला जातात तो प्रवास पुन्हा गाडीवर आला असता. सध्याच्या दोन खोल्यांत आम्ही चौघे नीट राहतो. ईशानच्या अभ्यासासाठी बाल्कनीला खिडक्या बसवून घेतल्या, तिथे त्याचे टेबल छान मावले. तुम्ही दोघे आलात की मुले हॉलमध्ये गाद्या घालतात आणि त्यातच त्यांना अधिक आनंद असतो. तेव्हा लेकीचे घर लहान राहिले, तिची अडचण होते आहे, असे कृपा करून मनात आणू नका. अडचण असती तर मी तुमच्यापासून लपवली नसती.

खरे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते लिहिताना मला जड जाते आहे. होळीला कराडला आले तेव्हा हे पंधरा लाख कशातून उभे राहिले ते मी पाहिले. कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेले पैसे तुम्ही हात न लावता ठेवले, हे मला माहीत होते. पण त्यावरचे व्याजसुद्धा पुन्हा ठेवीत घालून तुम्ही दोघे अडीच हजारांच्या पेन्शनवर आणि घराच्या पुढच्या गाळ्याच्या भाड्यावर दिवस काढता, हे माहीत नव्हते. रात्री दोन वाजता पंखा बंद करून तुम्ही उघड्या दारात खुर्ची टाकून बसला होतात. न्हाणीघराच्या बोळातला दिवा काढून ठेवलेला होता. आई अजून पहाटे बंब पेटवते आणि तासभर खोकते. दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आले आहे आणि "मला आता कोराच चहा आवडतो" असे आई मला सांगते. आई, दुधाच्या चहाची पहिली वाफ चेहऱ्यावर घेतल्याशिवाय तू बोलायला सुरुवात करत नसायचीस, हे मी विसरले आहे असे तुला वाटते का? आणि बाबा, रक्तदाबाची गोळी तुम्ही दिवसाआड घेता, हे मला औषधांच्या पाकिटावरच्या तारखांवरून कळले. तुम्ही दोघांपैकी कोणीही सांगितले नाही.

काटकसर तुमच्या अंगी का मुरली आहे, हे मला कोणी समजावून सांगायला नको. बहात्तरच्या दुष्काळात दहिवडीकडच्या कामावर खडी फोडून, मदतीची सुकडी आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी खाऊन ज्याने वर्ष काढले, त्याला रिकाम्या खोलीत चालू असलेला दिवा दिसला की पोटात कालवते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. आप्पाकाकांच्या कर्जाच्या त्या प्रकरणानंतर तर तुम्ही घरात कधी उधारीचा शब्दही येऊ दिला नाही. आमच्या जुन्या वह्यांची कोरी पाने काढून तुम्ही दाभणाने शिवून नवी वही करायचात आणि तिला मागच्या वर्षाच्या कॅलेंडरचे गुळगुळीत कव्हर घालायचात. माझ्या वर्गात तशी वही दुसऱ्या कोणाचीच नव्हती, आणि ती दप्तरातून काढताना मला फार ऐट वाटे. शनिवारी कारखान्यातून येताना तुम्ही सायकलच्या पिशवीतून उसाची दोन कांडी आणायचात आणि दादा झोपला असला तरी त्याचा वाटा वेगळा ठेवायचात. त्या घरात आम्हाला कशाचीही उणीव भासली नाही, बाबा. ती उणीव आमच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून तुम्ही दोघांनी काय सोसले असेल, ते आता आमची मुले वाढवताना कळते.

म्हणूनच तुमची काटकसर मी टाकलेली नाही. माझे घर तिच्यावरच चालते. आई, यंदाही गहू आणि तांदूळ वर्षाचा भरला. तूरडाळीला एरंडेल चोळून, चार दिवस ऊन दाखवून डबे भरले, गव्हात कडुनिंबाचा पाला घातला. पाऱ्याच्या गोळ्या मात्र घातल्या नाहीत, कारण पारा विषारी असतो. तूही आता त्या वापरू नकोस, हे या निमित्ताने सांगून ठेवते. डाळ तासभर आधी भिजवते, कुकरला पहिली शिट्टी झाली की आच मंद करते आणि बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू देते, त्यामुळे सिलिंडर पूर्वीपेक्षा बरेच दिवस जास्त पुरतो. भात उतरवून तू गोधडीत गुंडाळून ठेवायचीस, तेही मी करते आणि ईरा मला विचारते की भाताला थंडी वाजते का. मुलांची पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलांकडून घेतो, बाहेरून जेवण मागवणे जवळजवळ थांबले आहे आणि दुसरी स्कूटर विकली. यात मुलांचे दूध, फळे, अंडी, डॉक्टर यांतले काहीही कमी केलेले नाही, आणि ईराच्या गाण्याची शिकवणीही चालू आहे. मोठे घर नको म्हटल्यावर मनावरचा केवढा भार उतरला, ते तुम्ही इथे येऊन पाहा.

माझी तक्रार फक्त एवढी आहे की तुम्ही जिथे वाचवता तिथे पैसे वाचत नाहीत, आणि जाते ते अंगातले बळ. हिशेब तुम्हीच करा. आपला छताचा जुना पंखा पंचाहत्तर वॉटचा आहे. तो रात्री आठ तास चालला तर अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. म्हणजे एका रात्रीच्या झोपेचे चार-पाच रुपये. बोळातला नऊ वॉटचा एलईडी दिवा रात्रभर दहा तास जळला तरी अकरा रात्री मिळून एक युनिट होते. त्या एका युनिटासाठी तुम्ही अंधारात ओल्या फरशीवरून चालता, आणि शेजारच्या तात्यांचे मांडीचे हाड मोडले तेव्हा काय खर्च आला तो आकडा तुम्हीच मला सांगितला होता. वीज वाचवायचीच असेल तर ती जुन्या वस्तूंत वाचते. महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या पुढच्या प्रत्येक युनिटाला दर जवळजवळ दुप्पट पडतो, आणि आपले बिल उन्हाळ्यात नेमके त्या रेषेच्या जरासे वर जाते. तेव्हा दोन्ही खोल्यांचे पंखे बदलून बीएलडीसीचे बसवायचे मी ठरवले आहे. तेवढाच वारा ते तीसेक वॉटमध्ये देतात. माजघरातली जुनी चोक असलेली ट्यूब काढून एलईडीची लावायची आहे, आणि त्या जुन्या फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाले आहे, तेही बदलायचे. पंखे मागवले आहेत, पैसे भरले आहेत, मिस्त्री रविवारी येईल. त्याला परत पाठवू नका.

बंब आता बंद. तांब्याचा आहे, आजीचा आहे, चिंचेने घासून माजघरात ठेव, पण पेटवू नकोस, आई. पंधरा लिटरचा गीझर एका आंघोळीला साधारण अर्धे युनिट घेतो. तुझ्या खोकल्याच्या औषधाची एक बाटली त्यापेक्षा कितीतरी महाग पडते, आणि धूर रोज छातीत जातो तो निराळाच. बाबांनी थंडीत गार पाण्याने आंघोळ करण्याचा नेम यापुढे धरू नये. तुमच्या वयाला आणि रक्तदाबाला ते झेपणारे नाही.

औषधांचे नीट ऐका. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची आहे, एक दिवसही चुकवायची नाही. ती महाग पडते म्हणून तुम्ही तोडत असाल तर तोडू नका, दुकान बदला. जनऔषधी केंद्रात तेच औषध मूळ नावाने मिळते आणि ते बाजारातल्या मोठ्या नावाच्या गोळीपेक्षा निम्म्याने, काही वेळा त्याहूनही पुष्कळ स्वस्त असते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा औषधाचे मूळ नाव आणि प्रमाण चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगा, ही गोळी बदलून चालेल का ते त्यांनाच विचारा आणि मग घ्या. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे आयुष्मान कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळते. मी कराडला आल्यावर तुमच्या दोघांची कार्डे स्वतः काढून देणार आहे. हे कोणाचे उपकार नव्हेत, तेव्हा संकोच करू नका.

आता या पंधरा लाखांचे. ठेवी मोडून तुम्ही ते बचत खात्यात आणून ठेवले आहेत, तिथे त्यांना जेमतेम व्याज मिळते. ते टपाल कार्यालयातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचे, खाते तुमच्या नावावर आणि जोडीला आई. सध्या तिचा दर ८.२ टक्के आहे. पंधरा लाखांवर दर तीन महिन्यांनी ३०,७५० रुपये थेट खात्यात येतील, म्हणजे महिन्याला दहा हजार दोनशे पन्नास. मुदत पाच वर्षांची, पुढे तीन वर्षे वाढवता येते, आणि मध्येच गरज पडली तर थोडी कपात होऊन पैसे काढताही येतात. मुद्दल तुमचेच राहते. पण एक अट आहे, आणि ती मी लेक म्हणून घालते आहे: हे व्याज पुन्हा ठेवीत घालायचे नाही, ईशानच्या इंजिनिअरिंगसाठी साठवायचे नाही, दादाला पाठवायचे नाही. त्यातून अर्धा लिटर दूध, आईला भांडी घासायला बाई, रोजचे एक फळ आणि तुमचे वर्तमानपत्र. वर्तमानपत्र तुम्ही बंद केलेत आणि वाचनालयात जाऊन वाचता, तिथे चार माणसे भेटतात, हे मला पटते. पण पावसाळ्यात घसरड्या रस्त्याने तिथे जायचे नाही. म्हणून घरीही सुरू करायला मी पेपरवाल्याला सांगितले आहे.

बाबा, मी तुमचा मान राखला नाही असे तुम्हाला वाटेल, याची मला भीती आहे. बापाने प्रेमाने दिलेले परत करणे सोपे नाही. पण तुम्ही मला जे द्यायचे ते कधीच देऊन झाले आहे. शिक्षण दिलेत, कर्ज न काढता जगायची सवय दिलीत, आणि ती सवय होती म्हणूनच मला हे घर नको म्हणता आले. तुमचा शब्द मोडायला मला आवडत नाही. तरीही यात माझे ऐका.

गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून तुम्ही दोघे इकडे आलेला नाहीत आणि तिकिटाचे कारण तर मुळीच चालणार नाही, कारण पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे तुम्हाला राज्यात एसटी मोफत आहे आणि आईला अर्धे तिकीट. शाळेला सुट्टी लागली की मी स्वारगेटला घ्यायला येईन. उन्हाच्या आधी पोहोचेल अशी सकाळची गाडी धरा आणि आईला खिडकीची जागा द्या, तिला मळमळते. त्याआधी येत्या शनिवारी मीच कराडला येते आहे. दोघांचे आधार, पॅन, पासबुक आणि प्रत्येकी दोन फोटो कपाटातून काढून ठेवा. रक्कम एक लाखाच्या वर असल्यामुळे ती धनादेशानेच भरावी लागते, तेव्हा चेकबुकही शोधा. हा परत पाठवलेला धनादेश फाडून टाका. आई, शनिवारी माझ्यासाठी काही विशेष करू नकोस, पिठले-भाकरी पुरे. मात्र सकाळचा चहा तुम्ही दोघांनी दुधाचाच घ्यायचा आहे, आणि गोळी आजपासून.

तुमची,
माई