औषधाच्या पाकिटावर अंड्यांचे दिवस छापा : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

परसात चार-सहा बदके पाळणाऱ्यांचा एक प्रश्न आपल्या खात्यापर्यंत सहसा पोचत नाही. बदक लंगडू लागते, खाणे सोडते. कुणीतरी अँटिबायोटिक सुचवते आणि काही दिवसांत बदक पुन्हा हिंडू लागते. मधल्या काळात त्याने घातलेली अंडी खायची की टाकायची? टाकायची तर कधीपर्यंत? पाकिटावर शोधावे तर अनेकदा उत्तर सापडत नाही. सापडलेच तर ते कोंबडीसाठी असते, तेही भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत.

मग जो तो आपला हिशेब लावतो. औषध संपले की अंडी चालतात, हा त्यातला सर्वांत लाडका हिशेब. तो का चुकतो, ते अंडे घडण्याच्या पद्धतीतच आहे. बलकाभोवतीचा पांढरा भाग काही तासांत तयार होतो, कवचाला साधारण वीस तास लागतात. बलकाचे तसे नाही. त्याची भराभर वाढ होण्याचा काळच आठ-दहा दिवसांचा असतो आणि अंडाशयात एकाच वेळी लहानमोठे कितीतरी बलक वाढीला लागलेले असतात. रक्तातले औषध त्या सगळ्यांत थोडेथोडे उतरते. त्यामुळे शेवटचा डोस होऊन आठवडा लोटल्यावर आलेल्या अंड्यातही औषध निघू शकते. त्यातून बदकाच्या अंड्यात बलकाचा वाटा कोंबडीच्या अंड्यापेक्षा जास्त.

उकडली की झाले, असेही लोक म्हणतात. टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक उष्णतेने काही प्रमाणात मोडते, पण एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरे अँटिबायोटिक शिजवण्याला दाद देत नाही. हेच एन्रोफ्लॉक्सासिन पक्ष्याच्या शरीरात अंशतः सिप्रोफ्लॉक्सासिन बनते, म्हणजे माणसांना देतात तेच औषध. जंतू त्याला जुमानेनासे होऊ लागले म्हणून अमेरिकेने 2005 मध्ये कोंबड्या-टर्कींसाठीची त्याची परवानगी काढून घेतली. क्लोरॅम्फेनिकॉल या तिसऱ्या अँटिबायोटिकची गोष्ट आणखी गंभीर. त्याने क्वचित कुणाच्या अस्थिमज्जेत रक्त बनणेच थांबते आणि किती अंश सुरक्षित, अशी मर्यादा ठरवता आलेली नाही. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना ते द्यायचेच नाही, असा नियम अनेक देशांनी केला तो यामुळेच.

एका अंड्याने कुणी आजारी पडतो असे मी म्हणत नाही. पेनिसिलिनची तीव्र अॅलर्जी असलेल्याने मात्र जपायला हवे. बाकीच्यांसाठी धोका हळूहळू साचणारा आहे आणि परसात बदके पाळणाऱ्या घरात तीच माणसे तीच अंडी रोज खातात. बाजारात अनेक ठिकाणची अंडी मिसळली जातात, इथे ती मिसळत नाहीत.

मर्यादा जगाने ठरवलेल्या आहेत. टेट्रासायक्लिन गटासाठी कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेने, अंड्यात किलोमागे 400 मायक्रोग्रॅम ही कमाल पातळी ठेवली आहे, युरोपीय संघाने 200. अंडी देणाऱ्या पक्ष्यांसाठी मंजूर नसलेले औषध नाइलाजाने द्यावे लागले, तर युरोपातल्या पशुवैद्याला अंड्यांसाठी किमान दहा दिवसांची प्रतीक्षा लावावी लागते. किमान, हे लक्षात घ्यावे. काही औषधे त्याहून अधिक रेंगाळतात.

बदकाचे आणखी एक त्रांगडे आहे. औषध पाण्यातून द्यायचे, तर हा पक्षी पाण्यात चोच बुडवून ते निम्मे सांडतो आणि उरलेली तहान डबक्यात भागवतो. कुणाच्या पोटात किती गेले, सांगता येत नाही. एकच भांडे असेल तर निरोगी बदकेही तेच पाणी पितात, म्हणजे त्यांचीही अंडी बाजूला ठेवायला हवीत. हे कुणी सांगतच नाही. बदकांवर स्वतंत्र अभ्यास करण्यात औषध कंपन्यांना फारसा नफा नाही, म्हणून कोंबडीचे आकडे उचलून बदकाला लावले जातात.

सरसकट बंदी मी मागत नाही. पशुवैद्य लांब असतो, आजारी पक्ष्याला उपचार मिळायलाच हवेत आणि अंडी वाया जातील या भीतीने कुणी ते टाळू नयेत. मागणे आहे ते पाकिटाविषयी. पक्ष्यांसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक अँटिबायोटिकवर ठळक अक्षरांत, घेणाऱ्याच्या भाषेत दोन ओळी असाव्यात : अंडी देणाऱ्या पक्ष्याला हे चालते का, आणि शेवटच्या डोसनंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत. बदकांवर अभ्यास झालेला नसेल, तर तसेही लिहावे. पशुवैद्याने चिठ्ठीवर औषधाखाली तारीख घालावी : या दिवसापर्यंतची अंडी बाद. बाद अंडी कुत्र्याला किंवा परत बदकांनाच घालायची नाहीत, हेही तिथेच लिहून द्यावे. बदकांच्या प्लेगसारख्या विषाणूजन्य रोगावर अँटिबायोटिक चालत नाही, एवढे पाळणाऱ्यांना नीट सांगितले तरी कितीतरी डोस वाचतील.

तपासणीसाठी अंड्यांचे नमुने घेताना परसातली अंडीही त्यात धरावीत. बदकांमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या मोजक्या औषधांचा अभ्यास सरकारी पैशातून व्हावा, कारण दुसरे कुणी तो करणार नाही. तो हाती येईपर्यंत अंडी देणाऱ्या बदकांना कोणती औषधे मुळीच देऊ नयेत, त्यांची एक पानी यादी आपल्या खात्याने प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या आणि औषध दुकानाच्या दारावर लावावी.

कळावे,

आपला,
परसात बदके पाळणारा एक नागरिक