केबीच्या नादात चेहरा बिघडतो

महोदय,

बँक भरतीपासून शिष्यवृत्तीपर्यंत बहुतेक अर्ज आता ऑनलाइन भरले जातात आणि ‘फोटो अपलोडच होत नाही’ ही तक्रार दादर-परळच्या झेरॉक्सच्या दुकानांत नेहमी कानावर येते. दुकानदार फोटो कसाबसा ५० केबीच्या (किलोबाइट, फाइलच्या आकाराचे माप) आत बसवून देतो, अर्ज पुढे सरकतो. पण प्रवेशपत्रावर उमटणारा चेहरा चपटा किंवा धुरकट असतो. परीक्षा केंद्राच्या दारात ओळख याच फोटोवरून पटवायची असते. त्यामुळे हा विषय ‘कसंही करून अपलोड करा’ इतक्यावर सोडून देण्यासारखा नाही.

फोटोची ‘साइज’ विचारताना तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते: पिक्सेलमधली (चित्राच्या सूक्ष्म ठिपक्यांतली) रुंदी-उंची, कागदावरची सेंटिमीटरमधली रुंदी-उंची आणि फाइलचे केबी. मोबाइलवरचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३०००, एकूण १ कोटी २० लाख पिक्सेल. लाल, हिरवा, निळा मिळून एका पिक्सेलला तीन बाइट लागतात, म्हणून उघडल्यावर हा फोटो मेमरीत सुमारे ३४ एमबी (एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी) जागा घेतो. फोटोशॉपच्या ‘इमेज साइज’ खिडकीत वर दिसणारा ३४.३ एम हा आकडा तोच. डिस्कवरच्या फाइलशी त्याचा संबंध नाही, पण तो पाहून अनेक जण घाबरतात. हाच फोटो जेपीईजी या आटवून साठवण्याच्या प्रकारात साठवला की साधारण ३ ते ५ एमबीवर येतो, कारण जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना कमी जाणवणारा बारीक तपशील गाळते. तेवढ्याच पिक्सेलचा, पांढऱ्या भिंतीपुढे काढलेला फोटो हलका आणि झाडाच्या पानांपुढे काढलेला जड होतो तो यामुळेच. गाळलेला तपशील परत येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी मूळ फाइलपासून सुरुवात करावी. एकदा लहान केलेल्या जेपीईजीवर पुन्हा पुन्हा सेव्ह मारू नये.

आता नेहमीच्या सूचनेकडे बघू. बँक भरती परीक्षांच्या सूचनांत फोटो ४.५ बाय ३.५ सेंमी, शक्यतो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी असा सांगितलेला असतो. वाचताना काही खटकत नाही. पण साडेतीन बाय साडेचारच्या प्रमाणात २०० पिक्सेल रुंदीला उंची २५७ यायला हवी, २३० नव्हे! स्टुडिओत काढलेला पासपोर्ट फोटो घेऊन कोणी त्यावर सरळ २०० आणि २३० हे आकडे लादले, तर चेहरा उंचीला सुमारे दहा टक्क्यांनी दबतो. फोटोत माणूस जाडा दिसण्याचे हे अगदी साधे कारण आहे आणि चूक अर्जदाराची नसते.

त्यावर उपाय एकच: आधी कापा, मग लहान करा. गिम्प हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्यात क्रॉप टूल घेऊन ‘फिक्स्ड’च्या चौकटीत ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ निवडावा आणि २०:२३ टाकावे. चेहरा मध्ये ठेवून, डोक्यावर थोडी जागा सोडून कापावे. मग ‘इमेज’ मेनूतल्या ‘स्केल इमेज’मध्ये रुंदी २०० टाकावी, साखळीचे चिन्ह जोडलेले असेल तर उंची आपोआप २३० होते. तसे झाले नाही तर कापण्यात चूक आहे, साखळी तोडून आकडा बसवू नये. फोटो लहान करताना थोडा मऊ पडतो, म्हणून हलके शार्पन (कडा ठळक करणे) अगदी शेवटी द्यावे. त्यानंतर ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’ करून जेपीईजीच्या खिडकीत प्रिव्ह्यूवर खूण केली की क्वालिटीची पट्टी सरकवताना फाइलचा आकार तिथेच दिसत राहतो.

इथे उलटीच अडचण येते. २०० बाय २३० म्हणजे फक्त ४६,००० पिक्सेल. क्वालिटी ८० ठेवली तर फाइल बऱ्याचदा २० केबीच्याही खाली जाते आणि ‘फाइल फार लहान’ म्हणून नाकारली जाते. अशा वेळी क्वालिटी ९५ किंवा त्यापुढे न्यावी. लहान फोटो उगाच ताणून पिक्सेल वाढवू नयेत. विंडोजच्या पेंटमध्ये क्वालिटीची पट्टीच नाही, तिथे फक्त पिक्सेल बदलता येतात, त्यामुळे या कामाला पेंट अपुरा पडतो. आकार तपासताना प्रॉपर्टीजमधला ‘साइज’ पाहावा, ‘साइज ऑन डिस्क’ नव्हे. दुसरा आकडा डिस्कवर अडलेल्या जागेचा असतो आणि बहुधा मोठा दिसतो. आणि आयफोन फोटो ज्या प्रकारात साठवतो त्या एचईआयसी फाइलचे नाव बदलून पुढे जेपीजी लिहिल्याने ती जेपीईजी होत नाही, ती उघडून एक्स्पोर्टच करावी लागते.

सहीचे हाल तर फोटोहून वाईट. तिला १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी दिलेले असतात. ए४ कागदाच्या पूर्ण रुंदीत सही करून तो कागद १४० पिक्सेलवर आणला, तर अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेला एक तृतीयांश पिक्सेल मिळतो; रेघ राखाडी होते आणि तुटते. त्याऐवजी पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने ७ बाय ३ सेंमीची फिकी चौकट आखावी. प्रमाण तेच, ७:३. काळ्या शाईच्या जरा जाड पेनाने त्यात सही करावी, ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून चौकटीच्या किंचित आतून कापावे. ही रुंदी साधारण ८२५ पिक्सेल भरते, ती १४० वर आणली की अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेला एक पूर्ण पिक्सेल उरतो. त्याहून बारीक टोकाचे पेन इथे टिकत नाही.

हे डीपीआय प्रकरणही नीट समजून घ्यायला हवे. ‘३०० चे ७२ करा, फाइल हलकी होईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. फोटोशॉपमध्ये ‘रिसॅम्पल’ची (पिक्सेलची संख्या बदलण्याची) खूण काढलेली असेल, तर ७२ टाकल्याने एकही पिक्सेल कमी होत नाही, फक्त छापताना चित्र किती इंचांत पसरेल तेवढे बदलते. खूण असेल आणि कागदावरचे माप तेच राहिले, तर ४००० बाय ३००० चा फोटो ९६० बाय ७२० वर येतो, म्हणजे शंभरातले सहा पिक्सेलही उरत नाहीत. पडद्यासाठी पिक्सेल मोजावेत, डीपीआयचा विचार कागदापुरता करावा.

छपाईत, मुंबईत तरी, हा हिशेब सर्वांत जास्त चुकतो तो फ्लेक्सवर. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. तो दहा फुटांवर पसरला की इंचाला जेमतेम १३ पिक्सेल उरतात. मंडळांनी फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा, मूळ फाइल जशीच्या तशी येते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ‘२० केबी करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर विद्यार्थी आपला फोटो, सही, कधी आधार कार्डसुद्धा चढवतात. चेहरा आणि सही एकत्र परक्या सर्व्हरवर देण्याची काही गरज नाही. वरचे सगळे काम इंटरनेट बंद ठेवूनही होते.

भरती आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांकडे मागणी साधी आहे. पडद्यावर चढवायच्या फोटोसाठी सेंटिमीटर लिहूच नयेत. लिहायचेच तर प्रमाण पिक्सेलशी जुळवावे. ‘रुंदी २००, उंची २३० पिक्सेल, याच प्रमाणात कापलेला जेपीईजी, २० ते ५० केबी’ एवढी एक ओळ पुरते. शिवाय फाइल नाकारताना नुसते ‘अवैध फाइल’ न म्हणता केबी जास्त आहेत, कमी आहेत की पिक्सेल चुकले, हे संकेतस्थळाने मराठीत सांगावे. आपल्या दैनिकाच्या करिअर पुरवणीत भरतीच्या जाहिरातींबरोबर ही ओळ आणि सहीच्या चौकटीचे माप छापावे, अशी विनंती.

– फोटो दुरुस्ती व छपाईचे काम करणारे काही जण, दादर, मुंबई