संशोधनाचे चौथे वर्ष आणि संलग्न महाविद्यालये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. त्या वर्षी प्रवेश घेतलेले विद्यार्थी 2027-28 मध्ये चौथ्या वर्षात पोहोचतील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यांना संशोधनासह ऑनर्स पदवीचा पर्याय खुला असेल आणि त्यासाठी 12 श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) प्रकल्प किंवा प्रबंध पूर्ण करावा लागेल. अशी पदवी देऊ इच्छिणाऱ्या विभागाकडे ग्रंथालय, नियतकालिके आणि प्रयोगशाळा यांबरोबरच पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम शिक्षक असावेत, असेही आयोगाने सांगितले आहे. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उमेदीची सारी वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या निवृत्त अध्यापकाला ही अट वाचून पहिला प्रश्न पडतो तो असा की, तालुक्याच्या ठिकाणी एका विषयाचे दोन कायम शिक्षक तरी किती महाविद्यालयांत उरले आहेत? मार्गदर्शकाची मान्यता ही तर त्यापुढची गोष्ट.

या चर्चेत दोन टोकाची मते ऐकू येतात. संलग्न महाविद्यालयांनी नीट शिकवावे, संशोधनाच्या फंदात पडू नये, असे काही जण म्हणतात. तर प्रत्येक महाविद्यालयाने संशोधन केंद्र काढावे, असा आग्रह दुसरे धरतात. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. महाविद्यालयांत संशोधन होऊ शकते आणि ते होत आलेले आहे. मात्र विद्यापीठाचे आणि महाविद्यालयाचे नाते परीक्षा, संलग्नीकरण शुल्क आणि तपासणी समित्या यांपलीकडे गेलेच नाही, त्यामुळे जे झाले ते एकेकट्या शिक्षकाच्या जिद्दीवर झाले. चौथे वर्ष सुरू होण्यापूर्वी विद्यापीठांनी आपली साधने महाविद्यालयांना खुली केली नाहीत, तर त्या वर्षाचे प्रबंध हे पदव्युत्तर वर्गांत आज दिसणाऱ्या नकलून काढलेल्या प्रकल्पांचीच पुढची आवृत्ती ठरतील.

या नात्याला इतिहास आहे. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर. विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या व पदव्या द्यायच्या आणि महाविद्यालयांनी शिकवायचे, अशी ती वाटणी होती. नवे ज्ञान निर्माण करण्याचे काम त्या वाटणीत कोणाकडेच आले नाही. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग उभा राहिला तो 1919 मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर सहा दशकांनी. खुद्द लंडन विद्यापीठाने विसाव्या शतकाच्या आरंभीच आपली केवळ परीक्षा घेणारी रचना बदलली. आपण मात्र ती जपली आणि वाढवली. उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 4,692 महाविद्यालये होती. देशभरातील महाविद्यालयांपैकी पीएच.डी.चा अभ्यासक्रम चालवणाऱ्यांचे प्रमाण याच सर्वेक्षणाच्या त्याआधीच्या फेऱ्यांत तीन टक्क्यांच्याही खाली होते. स्वातंत्र्यानंतर मोठे संशोधन राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि स्वायत्त संस्था यांच्याकडे गेले, ते योग्यही असेल, पण पदवीचा विद्यार्थी जिथे शिकतो आणि संशोधक जिथे काम करतो ती दोन ठिकाणे त्यामुळे कायमची वेगळी झाली.

तरीही महाविद्यालयांतून कोणत्या दर्जाचे काम झाले आहे, हे आठवून पाहण्यासारखे आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते त्या काळात, म्हणजे 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाण्यापूर्वी, त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र मांडले. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ ते सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, हे पश्चिम भारतातील वनस्पतींच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. तिथे काम केलेले फादर सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. हे जुने झाले म्हणावे, तर 2023 मध्ये विशाळगडावर सापडलेल्या कंदीलपुष्पाच्या नव्या प्रजातीला छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावावरून ‘सेरोपेजिया शिवरायीना’ असे नाव मिळाले आणि ते काम करणाऱ्यांमध्ये कोल्हापूरच्या न्यू कॉलेजचे अभ्यासक होते. अशा शोधाला कोट्यवधींची यंत्रसामग्री लागत नाही. पावसाळ्यात वर्षानुवर्षे तोच डोंगर चढणारी आणि नेहमीच्या फुलापेक्षा वेगळे फूल ओळखणारी माणसे लागतात.

महाविद्यालयाचे खरे बळ इथे आहे. राष्ट्रीय संस्थेतील संशोधक सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, येतो तो फार तर हंगामात एकदोनदा. तालुक्याच्या महाविद्यालयातील शिक्षक बाराही महिने त्या परिसरात असतो. सड्यावरची काही फुले भाद्रपदात जेमतेम दोनतीन आठवडे दिसतात आणि एखाद्या वर्षी पाऊस लांबला तर तेवढीही नाही, त्यामुळे त्यांच्या नोंदी ठेवायच्या तर माणूस गावातच असावा लागतो. हीच गोष्ट भूगोलाच्या विभागाने विहिरींच्या पाण्याची पातळी नोंदवण्याला, मराठीच्या विभागाने बोलीतील शब्द गोळा करण्याला किंवा अर्थशास्त्राच्या विभागाने गावच्या आठवडी बाजाराचे भाव टिपण्याला लागू पडते. महाविद्यालयाने राष्ट्रीय प्रयोगशाळेची छोटी प्रतिकृती होऊ नये. जे काम राष्ट्रीय प्रयोगशाळेला जमणार नाही ते त्याने हाती घ्यावे.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. ज्या महाविद्यालयात मी शिकवले तिथे वनस्पतींचे वाळवलेले नमुने ठेवलेले एक लोखंडी कपाट होते. जाड कागदावर दोऱ्याने टाचलेली फांदी आणि उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी. तिच्यावर शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. त्यांतील बरेचसे नमुने आमच्या आधीच्या पिढीतील शिक्षकांनी 1970 च्या आसपास तालुक्यातूनच गोळा केलेले होते. एका चिठ्ठीवर ‘एसटी स्थानकामागील ओढा, पाणथळ कडेला’ असे ठिकाण लिहिलेले मला स्पष्ट आठवते. त्या ओढ्यावर आता स्लॅब पडला असून वर दुकानांचे गाळे आहेत. तिथे कोणत्या वनस्पती वाढत होत्या, याचा लेखी पुरावा त्या कागदाखेरीज कोठेही नाही. पुढे मूल्यांकन समिती येणार म्हणून इमारतीची रंगरंगोटी झाली, दालन संगणकांना हवे होते म्हणून कपाट जिन्याखाली हलवले गेले आणि दोन पावसाळ्यांत वाळवीने खालचे तीन कप्पे संपवले. मुद्दाम कोणी काही केले नाही. मूल्यांकनाच्या कोणत्याही रकान्यात त्या कपाटाला गुण नव्हते, एवढेच.

असे संग्रह जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांत अजून शिल्लक आहेत आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला याहून उत्तम विषय कोणता द्यायचा? जुन्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणी पुन्हा जावे, ती वनस्पती आज तिथे आहे का ते पाहावे, नसल्यास तिथल्या जमिनीचे काय झाले याची नोंद करावी. वीसेक विद्यार्थ्यांनी चारपाच वर्षे हे केले तर तालुक्यातील वनस्पतींच्या पन्नास वर्षांतील बदलाचा आलेख हाती येईल. यासाठी विद्यापीठाकडून हवे ते फारसे काही नाही: ओळख पडताळून देणारा तज्ज्ञ, नमुन्यांची छायाचित्रे साठवण्याची सोय आणि मूल्यांकनात या कामाला स्थान.

आता शिक्षकाच्या वेळेविषयी. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे आहे. कागदावर हे जास्त नाही. प्रत्यक्षात मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी असलेल्या विभागात उरलेला शिक्षक स्वतःचे तास घेतो, प्रात्यक्षिके लावतो, परीक्षा विभागाचे काम पाहतो, मूल्यांकनाचे अहवाल भरतो, प्रवेशाच्या दिवसांत खिडकीवर बसतो आणि निवडणूक आली की तिकडेही जातो. रिकाम्या पदांवर तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण सहकारी अनेकदा आमच्याहून अधिक वाचलेले असतात, त्यांच्यापैकी कित्येकांकडे पीएच.डी. असते; पण पीएच.डी.संबंधी 2022 च्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ नियमित शिक्षकच मार्गदर्शक होऊ शकतो. म्हणजे संशोधन करू शकणाऱ्याला मान्यता नाही आणि मान्यता असलेल्याला उसंत नाही. पदे भरली जात नाहीत तोवर चौथ्या वर्षाची घोषणा पोकळ राहणार, हे शासनाने मान्य करायला हवे.

संशोधनाची सक्ती करून काय होते, हेही आपण पाहिले आहे. 2010 च्या नियमावलीने पदोन्नतीला एपीआयच्या, म्हणजे शिक्षकाचे काम गुणांत मोजणाऱ्या पद्धतीच्या, गुणांची जोड दिली आणि शोधनिबंधांचे पीक आले. पैसे घेऊन आठवड्याभरात निबंध छापणारी नियतकालिके निघाली, एकदिवसीय चर्चासत्रांच्या जाडजूड इतिवृत्तांना आयएसबीएन क्रमांक मिळू लागले. मे 2018 मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून 4,305 नियतकालिके काढावी लागली. त्याच वर्षी एपीआयची ती पद्धतही मागे घेतली गेली. त्यानंतर आलेली आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी 2025 मध्ये बंद झाली असून कोणते नियतकालिक चांगले हे ठरवण्याची जबाबदारी आता संस्थांवर आहे. ज्या महाविद्यालयाला चांगली नियतकालिके वाचायलाच मिळत नाहीत, त्याने ती ओळखायची कशी, हे कोणी सांगत नाही.

कारण वाचायला मिळणे हीच मुख्य अडचण आहे. केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना स्वागतार्ह आहे; तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, सुमारे 13,000 नियतकालिके आणि जवळपास 6,300 संस्था असा तिचा आवाका आहे. परंतु तिच्या पहिल्या टप्प्यात केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थाच येतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये, अनुदानित असली तरी, शिक्षण संस्थांनी चालवलेली आहेत. कर्मवीरांपासूनची जी परंपरा आपण अभिमानाने सांगतो तिच्यातीलच महाविद्यालये या दाराबाहेर राहिली. महाविद्यालयांना नियतकालिके व पुस्तके ऑनलाइन वाचायला देणारी एन-लिस्ट ही सेवा उपयोगी असली तरी तिच्यात सगळे नाही. विद्यापीठाच्या आवारातील संशोधकाला जो निबंध क्षणात उघडता येतो, तोच मिळवण्यासाठी त्याच विद्यापीठाशी संलग्न असलेला शिक्षक परगावच्या मित्राला मेल पाठवतो. मान्यताप्राप्त शिक्षकांना विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे दूरस्थ खाते मिळावे, त्यासाठी प्रकाशकांशी करारांत जे बदल लागतील ते विद्यापीठांनी एकत्र येऊन मागावेत आणि शिक्षण संस्थांच्या अनुदानित महाविद्यालयांना राष्ट्रीय योजनेत घ्यावे, असा आग्रह राज्य शासनाने धरावा.

उपकरणांची गोष्टही वेगळी नाही. विद्यापीठांत सामायिक उपकरण केंद्रे आहेत, परागकणांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखालची छायाचित्रे तिथे मिळतात; परंतु बाहेरच्यांसाठी दर वेगळा आणि पाळी नंतर. संलग्न महाविद्यालयाचा विद्यार्थी त्याच विद्यापीठाची पदवी घेणार असेल, तर तो बाहेरचा कसा? त्याला विभागातील विद्यार्थ्याचाच दर लागावा.

निधीबद्दल थोडक्यात लिहितो. आयोगाचे लघु संशोधन प्रकल्प हा महाविद्यालयीन शिक्षकाचा एकेकाळचा आधार होता. रक्कम छोटी असे, पण तिच्यात प्रवासखर्च निघे आणि एखादा सूक्ष्मदर्शक येई. ती वाट आता राहिलेली नाही. 2023 च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने नामांकित संस्थेभोवती इतर संस्था जोडण्याची योजना आणली, मात्र तिच्या पहिल्या टप्प्यात जोडायच्या संस्था म्हणजे मुख्यतः सार्वजनिक विद्यापीठे आणि काही निवडक अभियांत्रिकी संस्था. संलग्न महाविद्यालय तिथेही नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार प्रत्येक विद्यापीठाला संशोधन मंडळ आहे आणि अधिसभेत महाविद्यालयीन शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधीही आहेत. माझी त्या प्रतिनिधींना विनंती आहे की, येत्या अर्थसंकल्पी बैठकीत त्यांनी दोन आकडे मागावेत: संलग्न महाविद्यालयांकडून विविध शुल्कांपोटी विद्यापीठाकडे वर्षाला किती रक्कम येते आणि त्यांपैकी त्या महाविद्यालयांतील संशोधनावर किती खर्च होते. दोन्ही आकडे विद्यापीठाने संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय प्रसिद्ध करावेत आणि तेही चौथ्या वर्षाच्या मान्यतेसाठी महाविद्यालयांकडून प्रस्ताव मागवण्यापूर्वी.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक