चुडताच्या भिंगरीबद्दल, काकींना

काकी,

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवरून वाचून दाखवेल. मध्येच "पुरे गो" म्हणून तिला गप्प करू नका. परवा आभार मानायला घरी आले होते, तर तुम्ही मला तोंड उघडू दिलं नाहीत. कोकमाच्या सोलांची परात हातात दिलीत आणि म्हणालात, उन्हात ठेव. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मे महिन्यात आमच्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, चौदा पोरं देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जमवायची आणि रोज सकाळी दोन तास हातानं काहीतरी करायचं, एवढाच माझा बेत होता. पण शिकवायला माणूस शोधताना नाकी नऊ आले. एकीनं आधी विचारलं, सर्टिफिकेट कोण देणार? दुसऱ्यांनी फी सांगितली, ती ऐकून मी फोन ठेवून पाणी प्यायले. तुम्ही विचारलंत, "चुडतां हाडूं?" म्हणजे माडाच्या झावळ्या आणू का, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर भारा घेऊन हजर. तेही ऐन पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत, घरच्या मिरच्या अंगणात पसरलेल्या असताना.

दहा दिवसांत पोरांनी काय काय केलं! माडाच्या पात्यांच्या पिपाण्या झाल्या, तेव्हा भटजी दोनदा बाहेर डोकावून गेले. साप झाले, घड्याळं झाली. करवंट्यांना दोरी ओवून त्यांवर उभं राहून चालायच्या शर्यती झाल्या, गुडघे फुटले. फणसाच्या पानांना हिराचे, म्हणजे माडाच्या पात्यातल्या काडीचे, टाके घालून द्रोण केले आणि शेवटच्या दिवशी त्यातच मानकुराद आंबा खाल्ला. तोही तुमच्याच झाडाचा.

पण मी लिहितेय ते यासाठी नाही.

माझा मुलगा डावखुरा आहे. गेल्या वर्षी त्याला शहरातल्या एका शिबिरात घातलं होतं. तिथे सगळ्यांना सारखं तयार पाकीट, सगळ्यांची सारखी फुलपाखरं. त्याचं कापणं वाकडं जायचं. बाईंनी आधी कात्री त्याच्या उजव्या हातात दिली, मग "राहू दे, मीच करते" म्हणून काढूनच घेतली. शेवटी प्रदर्शन होतं ना, फोटो काढायचे होते! घरी सुरेख फुलपाखरू आलं आणि त्यानं ते कपाटामागे टाकून दिलं. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या हिशेबानं बसवलेली असतात, हे मला फार उशिरा कळलं. डाव्या हातात ती धरली की बोटांच्या दाबानं पाती फाकतात, कागद कापला जाण्याऐवजी मध्येच दुमडतो, आणि कापायची रेघही पात्याआड जाते. म्हणजे पोराचा दोष नव्हताच. मीही त्याला धांदरट म्हणून बसले होते. त्या बाईंना नावं ठेवताना हेही लिहायला हवं.

तुमच्याकडे कात्री नव्हतीच. भिंगरीच्या दिवशी सगळे तुमच्या मागे आणि बाजूला बसून बघत होते. याच्या पट्ट्या सारख्या उलट पडत होत्या. रडू आलं होतं, पण रडत नव्हता. तुम्ही एकदा त्याच्या हातांकडे पाहिलंत. काही बोलला नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठलात, आम्हाला ठाऊक आहे तुमचे गुडघे कसे आहेत, आणि वळसा घालून त्याच्या अगदी समोर जाऊन बसलात. "आता म्हजे हात पळय," माझे हात बघ, एवढंच म्हणालात. समोरून पाहिल्यावर तुमचा उजवा हात आरशातल्यासारखा त्याच्या डाव्या हातासमोर आला. तुम्ही घडी घालायचात, तोही घालायचा. तिसऱ्या खेपेला भिंगरी जमली. हिरावर खोचून तो ती घेऊन तळीपर्यंत धावत गेला.

हे तुम्हाला कोणी शिकवलं, काकी? की सुचलंच? विचारलं तर तुम्ही हसाल. मला तेव्हापासून वाटतंय, बँकेत, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे आपल्याला नियम सांगणारी माणसं भेटतात. आपल्या जागेवरून उठून समोर येऊन बसणारं माणूस क्वचितच भेटतं. आणि भेटलं, की त्याला त्याचं काहीच वाटत नसतं. तुम्ही तर लगेच दुसऱ्या पोराला पात्यातून हीर नीट काढला नाही म्हणून रागावायला लागलात. त्या हिरांचे तुम्हाला झाडू बांधायचे होते, तेही बरोबरच.

भिंगरी आता सुकून तपकिरी झालीय, फिरत नाही. खिडकीच्या गजात खोवलेली आहे, मुलगा काढू देत नाही.

तुमचा कोयता आमच्या पडवीत राहिलाय. पाऊस लागायच्या आत आणून देते. त्या दिवशी मला जरा बोलू द्या.

तुमची,
वरच्या घरातली