शेवटच्या बँडसाठी थांबायचं का?

डोंबिवली,
20 मे 2025

प्रिय मित्रा,

शनिवारच्या रॉक कॉन्सर्टबद्दल परवा फोनवर तू एकच विचारलंस, "शेवटपर्यंत थांबलास का?" मी "हो आणि नाही" म्हणालो आणि तू वैतागलास. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून आज सावकाश लिहितोय.

मुळात त्या शनिवारी मी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलो तो शेवटी वाजवणाऱ्या गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडसाठी नाही. गेलो त्यांच्या आधी वाजवणाऱ्या गिरीश अँड द क्रॉनिकल्ससाठी. गंगटोकची ही पोरं इतकी वर्षं हार्ड रॉक वाजवतायत आणि त्यांचा गायक गिरीश प्रधानचा आवाज वरच्या पट्टीत ज्या सहजतेने चढतो तो रेकॉर्डिंगवर ऐकून माझं समाधान होत नव्हतं. ज्यांच्या गाण्यांवर हा बँड वाढला, त्यांच्याच आधी त्याच स्टेजवर उभं राहायचं! ते बघायला मिळावं म्हणून मी आणि धाकट्या बहिणीने उन्हातान्हात डोंबिवलीहून लोकल पकडली. दादरला गाडी बदलेपर्यंतच शर्ट भिजला होता. मे महिन्यातली मुंबई तुला काय सांगायची.

ते वाजवायला आले तेव्हा अजून उजेड होता, मैदान भरत होतं. बरेच लोक खाण्याच्या रांगेत, बरेच अजून गेटवर. आणि तरीही त्यांनी हातचं काही राखलं नाही. भरल्या मैदानापुढे जोर लावणं सोपं असतं रे, रिकाम्या जागेकडे बघत तेवढाच जोर लावायला वेगळी छाती लागते. माझा घसा तिथेच बसला.

ते संपलं आणि स्टेजवर सामानाची हलवाहलव सुरू झाली. धाकटीची रविवारी सकाळी सातची ड्युटी, वॉर्डात उशीर चालत नाही. ती म्हणाली, "दादा, तुला ऐकायचं होतं ते ऐकून झालं. तू थांब हवं तर, मी लेडीज डब्यातून जाते." तिला एकटीला पाठवायचं माझ्या मनात नव्हतं, आणि तिच्यामुळे मी उठलो असं तिला वाटू द्यायचं नव्हतं. कारण खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही निघावंसं वाटत होतं. कान आणि मन दोन्ही भरलं होतं. चांगल्या गाण्यावर लगेच दुसरं गाणं ओतलं की पहिलं पुसट होतं, हा माझा जुना अनुभव आहे.

मग थांबलो कशासाठी? तिकिटाचे पैसे वसूल करायला नक्कीच नाही. पैसे तर आधीच गेलेले असतात, थांबून ते परत येत नाहीत. थांबलो ते 2012 मुळे. आठवतंय ना, डिसेंबरात बीकेसीला याच गन्स एन रोझेसला ऐकायला आपण दोघं गेलो होतो? गायक अ‍ॅक्सल रोझ होता, पण जुना गिटारवाला स्लॅश नाही, बेस वाजवणारा डफ नाही. परतताना तू म्हणाला होतास, "नाव तेच, घर अर्धं रिकामं." 2016 ला ते दोघं परत आले, पण आपल्या गावात ते एकत्र दिसायला आणखी नऊ वर्षं गेली. अ‍ॅक्सल आता त्रेसष्टचा, स्लॅश साठीला टेकलेला. पुन्हा इकडे येतील याची खात्री कोण देणार? तू नव्हतास, तर निदान तुझ्या वाटणीचं तरी कोणीतरी बघायला हवं होतं.

दुसरं म्हणजे, मुंबईत हा प्रश्न वाटतो तेवढा बिकट नसतो. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातले मोजकेच दिवस मिळते. त्यामुळे मोठ्यातल्या मोठ्या बँडलाही दहाच्या ठोक्याला आवरावं लागतं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेनजींचं शेवटचं गाणं ऐकायला लोक पहाटेपर्यंत बसून राहायचे, असं बाबा सांगायचे. तशी रात्र आता पुण्यातही नाही, मुंबईत तर नाहीच.

आम्ही तोडगा काढला. पुढची जागा सोडली आणि गेटच्या अंगाला मागे जाऊन उभे राहिलो. तिथून माणसं बोटाएवढी दिसतात, पण हवा लागते, आवाज उलट जास्त नितळ येतो आणि हवं तेव्हा निघता येतं. निघायचं ते मात्र दोन गाण्यांच्या मध्ये. मैफलीत चालू रागातून उठू नये, हे आपल्याला लहानपणी शिकवलेलं इथेही लागू होतं असं मी मानतो. स्लॅशने गिटार हातात घेतली आणि धाकटी ड्युटी विसरून गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अ‍ॅक्सलचा आवाज वयाप्रमाणे बदललाय, पण तो गाणं सोडत नाही, शेवटपर्यंत ओढून नेतो. तू असतास तर रडला असतास.

साडेनऊच्या पुढे, एक गाणं संपताच, निघालो. शेवटचं गाणं कोणतं असतं ते आपल्या पिढीला सांगावं लागत नाही, ते सोडलं. त्याची हळहळ नाही. दहानंतर ती सगळी गर्दी महालक्ष्मीच्या पुलावर एकदम लोटते, आणि धाकटीला पाच तास तरी झोप मिळायला हवी होती.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. लोक "शेवटपर्यंत थांबलास का" एवढंच विचारतात, "सुरुवातीला होतास का" असं कोणी विचारत नाही. तूसुद्धा नाही विचारलंस. शेवटच्या बँडमधून लवकर उठलं तर त्यांना काही फरक पडत नाही, मैदान भरलेलंच असतं. पण पहिल्या बँडच्या वेळी आपण गेटबाहेर वडापाव खात उभे असलो तर आपल्याकडची पोरं रिकाम्या गवतापुढे वाजवतात. मुंबईत रंगभवन हे उघडं नाट्यगृह होतं तेव्हा तिथे 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाला आपल्याच बँडसाठी गर्दी व्हायची. तो भाग शांतता क्षेत्र ठरला, रंगभवन बंद पडलं आणि तशी सवयही गेली.

म्हणून पुढच्या वेळी तू येशील तेव्हा दुपारीच ये. लोकलनेच जाऊ. तू दादरला पुलावर थांब, मी डोंबिवलीहून येतो. थांबायचं किती ते पहिला बँड ऐकून झाल्यावर तिथेच ठरवू. वहिनींना नमस्कार सांग, आणि तारीख लवकर कळव, धाकटीला रजा आधी टाकावी लागते.

तुझाच,
डोंबिवलीकर