बाबांना ओळखणारा इथे कोणीच नाही

प्रिय मित्रा,

मेसेजमध्ये लिहायला घेतलं की मी दोन ओळी लिहून खोडतो आणि शेवटी 'बाकी मस्त' पाठवून देतो, तुझंही तसंच होत असणार, म्हणून आज सरळ पत्रच लिहितोय. मोठं होईल. निवांत असशील तेव्हा वाच.

बाबांना जाऊन ७ महिने झाले आणि नवीन शाळेत येऊन साडेचार. शाळा का बदलली ते तुला माहितीये, आईच्या एकटीच्या पगारात ते घर परवडेना आणि तिला मावशीजवळ राहायचं होतं. मी काहीच विरोध केला नाही कारण खरं सांगायचं तर मला तिथून निघायचंच होतं. दोन आठवड्यांनी मी शाळेत परत आलो तो दिवस आठवतोय ना? मी दारात आलो आणि अख्खा वर्ग एकदम गप्प. ज्यांच्याशी रोज भांडणं व्हायची ते पण गोड बोलायला लागले, होमवर्क केला नाही तरी कोणी काही बोलेना, मला वाटायचं ओरडा ना यार कोणीतरी मला आधीसारखं. तू एकटाच काही न बोलता बेंचवर सरकलास आणि जागा दिलीस. ते मी विसरलेलो नाहीये.

नवीन शाळेत कोणाला काहीच माहीत नव्हतं. पहिले दोन दिवस इतकं हलकं वाटलं की काय सांगू. तिसऱ्या दिवशी शेजारी बसणाऱ्या मुलाने सहज विचारलं, तुझे बाबा काय करतात, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की ते बाहेरगावी असतात कामाला. ठरवून नाही बोललो रे. 'होते' हा शब्द तोंडातून बाहेर पडेचना. मग तो विचारत राहिला, कुठे असतात, कधी येतात, आणि मी सांगत गेलो, बाबांना सुट्टी कमी मिळते, फोन रात्री करतात, असं काय काय. पॅरेंट्स मीटिंगची नोटीस आली तोपर्यंत तीन आठवडे झाले होते. म्हणजे तीन आठवडे त्या एका मुलाच्या डोक्यात का होईना माझे बाबा जिवंत होते, कुठल्यातरी गावात कामाला जात होते आणि पुढच्या सुट्टीत घरी येणार होते.

मीटिंगच्या आदल्या दिवशी सायकल स्टँडवर मी त्याला खरं सांगून टाकलं. वाटलं चिडेल. तो नुसता 'बरं' म्हणाला आणि थोड्या वेळाने म्हणाला, उद्या तुझी आई एकटी येणार असेल तर मी थांबू का तुमच्यासोबत? चांगला मुलगा आहे, तुला आवडेल. पण त्या दिवशी घरी येऊन मी जो रडलो ना, बाबा गेले त्या दिवशी पण एवढा रडलो नव्हतो. तेव्हा घरभर माणसं होती, फोन वाजत होते, मी सगळ्यांना पाणी आणून देत होतो. या वेळी ते माझ्या एका वाक्याने गेल्यासारखं वाटलं.

मार्क्स पण घसरलेत. एकच पान पाच वेळा वाचतो, गणितात मधली स्टेप हरवते, रात्री तीनला जाग येते ती येतेच. वर्गशिक्षिकांनी काउन्सेलर मॅडमकडे पाठवलं. मी त्यांना विचारलं, दुःखाच्या त्या पाच पायऱ्या असतात ना, नकार, राग वगैरे, मी कितव्या पायरीवर आहे? कारण मी नेटवर वाचून रोज चेक करत होतो. त्या म्हणाल्या, एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडलं ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवलं गेलं, आणि असा एकेक पायरी चढून जायचा जिना काही नसतो. मग १९९९ मध्ये स्ट्रोब आणि शूट नावाच्या दोन संशोधकांनी सांगितलं की माणूस झोके घेत असतो, कधी दुःखात, कधी पुढच्या कामाधामात, आणि दोन्ही लागतं. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, कारण फुटबॉलच्या मॅचला मी गोल झाल्यावर ओरडलो, नाचलो आणि मग एकदम लक्षात आलं की दोन तास बाबांची आठवणच आली नाही, आणि चोरी केल्यासारखं झालं होतं मला.

वर्ष झालं की संपेल का हे, असं पण विचारलं. त्यांनी वर्डन आणि सिल्व्हरमन यांच्या अभ्यासाचं सांगितलं, आई किंवा वडील गेलेल्या १२५ मुलांना ते दोन वर्षं भेटत राहिले आणि काही मुलांचा त्रास दुसऱ्या वर्षी जास्त दिसला. मॅडम म्हणाल्या घाबरू नकोस, फक्त स्वतःला तारीख देऊ नकोस. आणि १९९६ मध्ये याच सिल्व्हरमननी क्लास आणि निकमन यांच्यासोबत लिहिलं की गेलेल्या माणसाशी नातं तोडावं लागत नाही, ते वेगळ्या रूपात चालूच राहतं.

हे वाक्य मी घरी घेऊन आलो आणि तिथेच अडकलोय. चालू ठेवू, पण कशाच्या जोरावर? माझ्याकडे त्यांचा ११ सेकंदांचा एक व्हॉइस मेसेज आहे, त्यात ते फक्त म्हणतात येताना माझा चार्जर आण. बाकी सगळं माझ्या डोक्यात, आणि ते झिजतंय रे. शाळेच्या गेटवर ते हॉर्न दोनदा वाजवायचे की तीनदा? मला वाटतं तीनदा. परवा इथे कोणाच्या तरी गाडीचा तसाच हॉर्न वाजला आणि मी चालता चालता वळलो, मग उभाच राहिलो, आणि आजूबाजूच्या एकालाही कळलं नसतं मी का थांबलो. आईला विचारवत नाही, ती उत्तर देते पण मग रात्रभर जागी असते.

तुला मात्र विचारू शकतो. आणि तूच त्यांचं नाव घेणं बंद केलंयस. मागच्या आठवड्यात फोनवर ट्रिपचं सांगत होतास, बस बंद पडली तिथपर्यंत आलास आणि एकदम विषय बदललास, कारण पुढे बाबा येतात त्या गोष्टीत, गाडी घेऊन आपल्याला न्यायला. मला कळलं. तू मला जपतोयस हेही कळतं आणि मी रागावलेलो नाहीये. पण असं जपू नकोस. पूर्वी घरात शिरल्या शिरल्या 'काका आहेत का' विचारायचास ना, तसंच बोल. मी रडलो तर रडू दे, फोन ठेवू नकोस बस.

आणि एक सांग. सायन्स एक्झिबिशनला आपलं मॉडेल चालू झालंच नाही, तू रडत बाहेर गेलास आणि बाबा तुझ्या मागे जिन्यात आले, पंधरा मिनिटांनी तुम्ही दोघं हसत परत आलात. मी किती वेळा विचारलं तरी तुम्ही दोघांनीही सांगितलं नाही, 'आमचं सिक्रेट' म्हणायचे ते. काय बोलले होते ते तुला जिन्यात? जेवढं आठवेल तेवढं, त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. आईला वाचून दाखवलं तर चालेल ना?

तुझाच,
मी