लँडस्केप आर्किटेक्टचा परवाना: कायद्यात काय आहे, काय नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या निकालाच्या सुमारास करिअरविषयीच्या जाहिरातींचा पूर येतो. त्यात 'काही महिन्यांत परवानाधारक लँडस्केप डिझायनर' अशी आश्वासनेही असतात. नाशिकच्या विद्यार्थी-पालकांनी त्यांच्या नादी लागण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: भारतात लँडस्केप आर्किटेक्टला परवाना देणारा कायदा नाही. जो परवानाच नाही, तो कोणतीही संस्था देऊ शकत नाही. चांगला लँडस्केप आर्किटेक्ट होण्याचा रस्ता मात्र आहे. तो लांब आहे, पण स्पष्ट आहे.

आधी कायद्याचे पाहू. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ च्या कलम ३७ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येत नाही. त्याच कलमात एक अपवाद आहे आणि तो फार थोड्यांनी वाचलेला असतो. 'लँडस्केप आर्किटेक्ट' आणि 'नेव्हल आर्किटेक्ट' यांना हे बंधन लागू नाही. झाडे, वनस्पती आणि भूदृश्य यांच्याशी संबंधित मोकळ्या जागांचे आराखडे करणारी व्यक्ती, अशी लँडस्केप आर्किटेक्टची व्याख्याही तिथे दिली आहे. त्या व्याख्येत पदवीची अट नाही. परिणाम असा की दहा वर्षे अभ्यास आणि सराव केलेला माणूस आणि कालपर्यंत कुंड्या पुरवणारा माणूस, दोघेही हीच पाटी लावू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये मुकेश गोयल प्रकरणात स्पष्ट केले की कलम ३७ उपाधीचे संरक्षण करते. ते काम करण्यावर सरसकट बंदी घालत नाही. म्हणजे लँडस्केपच्या क्षेत्रात उपाधीही खुली आणि कामही खुले. अशा वेळी पदवी, नोंदणी आणि प्रत्यक्ष केलेले काम यांवरच माणसाची पारख करावी लागते.

आता रस्ता. तो अकरावीला सुरू होतो आणि पहिला घोटाळाही तिथेच होतो. ज्या मुलांना झाडापानांची आवड असते ती अकरावीला जीवशास्त्र घेतात आणि गणित सोडतात. मग बारावीनंतर कळते की बी.आर्क. या वास्तुकलेच्या पदवीला, म्हणजे या रस्त्याच्या पहिल्या टप्प्याला, भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य आहे. ज्याला या क्षेत्रात यायचे आहे त्याने गणित सोडू नये. जीवशास्त्र ठेवता आले तर उत्तमच. टक्केवारीची अट आणि तिसऱ्या विषयाचे पर्याय मध्यंतरी बदलले आहेत, म्हणून प्रवेशाच्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी. शेजारच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी काय लागले होते त्यावर विसंबू नये. दहावीनंतर पदविका केलेल्यांनाही वाट आहे, पण तिथेही गणित लागते.

प्रवेशासाठी वास्तुकला परिषदेची नाटा किंवा जेईई मेनचा पेपर २ए द्यावा लागतो. महाराष्ट्रात या गुणांवर केंद्रीभूत प्रक्रियेतून जागा मिळतात. नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक (मविप्र) संस्थेच्या महाविद्यालयासह वास्तुकलेची महाविद्यालये आहेत, त्यामुळे पहिल्या पाच वर्षांसाठी गाव सोडावेच लागते असे नाही. महाविद्यालय परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का आणि त्या वर्षासाठी किती जागा मंजूर आहेत, हे शुल्क भरण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावे. मान्यता नसेल तर पदवीनंतर नोंदणी होत नाही, आणि मग पाच वर्षांचे करायचे काय?

बी.आर्क. पाच वर्षांचे. त्यात कार्यालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. ते शक्यतो अशा ठिकाणी घ्यावे जिथे लँडस्केपची कामचलाऊ रेखाटने होत नाहीत, तर उंचसखलतेचे नकाशे, निविदेची रेखाटने आणि साईटवरील मोजमापे होतात. पदवीनंतर परिषदेकडे नोंदणी करून तिचे नूतनीकरण वेळेवर करत राहावे. महापालिकेत बांधकाम परवानगीचे काम करण्यासाठी नोंदणीकृत आर्किटेक्टला वेगळा पालिका परवाना लागत नाही. लँडस्केपचे काम करणाऱ्याच्या हाती खऱ्या अर्थाने कायदेशीर अशी नोंदणी हीच.

त्यानंतर लँडस्केप आर्किटेक्चरमधील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. दिल्ली आणि भोपाळचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचे सेप्ट, पुण्याचे भानुबेन नानावटी महाविद्यालय ही यातली परिचित नावे. काही ठिकाणी गेट या राष्ट्रीय परीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग पेपर चालतो, काही ठिकाणी संस्थेची स्वतःची प्रक्रिया असते आणि पोर्टफोलिओ मागतात. पोर्टफोलिओत इमारतींची चकचकीत चित्रे भरू नयेत. एखाद्या जागेचा उतार, माती, पाणी, असलेली झाडे यांचा अभ्यास आणि त्यावरून घेतलेले निर्णय दाखवावेत. निवड करणारे तेच शोधतात. पदवीनंतर इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स या २००३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे सदस्यत्व घेता येते. हे सदस्यत्व म्हणजे सरकारी परवाना नव्हे, पण काम देणाऱ्याला पारख करायला त्याचा उपयोग होतो.

कृषी किंवा उद्यानविद्येच्या पदवीधरांसाठी कृषी विद्यापीठांत पुष्पशास्त्र व लँडस्केपिंग या विषयात एम.एस्सी. आहे. वनस्पती, रोपवाटिका, देखभाल यांत हे लोक आर्किटेक्टपेक्षा सरस असतात आणि मोठ्या प्रकल्पावर दोघेही लागतात. मात्र या पदवीवर आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होत नाही, हे प्रवेश घेतानाच माहीत असावे.

परदेशात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत मात्र खरोखरच परवाना आहे. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियाने तो प्रथम आणला. मान्य पदवी, ठराविक अनुभव आणि लेअर ही चार भागांची परीक्षा अशी तिथली चौकट आहे. चारपैकी एक संपूर्ण भाग जमिनीचे उतार, निचरा आणि पावसाचे पाणी यांवर आहे. अनुभवाची आणि परदेशी पदवीची अट राज्यागणिक बदलते. ब्रिटनमध्ये कायद्याचा परवाना नाही. लँडस्केप इन्स्टिट्यूट ही व्यावसायिक संस्था चार्टर्ड दर्जा देते.

परीक्षेचा एक अख्खा भाग निचऱ्याला का, हे नाशिकच्या जमिनीवर लगेच कळते. शहरात बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट पेव्हर ब्लॉक बसवले की दोन पावसाळ्यांत पदपथ लाटांसारखा होतो. काळी माती काढून मुरूम भरावा लागतो आणि तो १५० मिलिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, दाबावा लागतो. सगळा भराव एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर खालचा थर सैल राहतो. पांडवलेणीच्या बाजूला प्रश्न उलटा असतो. तिथे खडकात घेतलेला एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा पाणी धरून ठेवतो आणि झाडाची मुळे कुजतात. लावणीआधी खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर तळ फोडून निचरा काढल्याशिवाय झाड लावू नये. ही चाचणी फुकट आहे, तरी ती क्वचितच होते.

पाण्याचा हिशेब तर शाळकरी आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरच्या वाहनतळावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५० हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. ते कुठे जाणार हे रेखाटनात दाखवलेले नसेल तर ते तळघरात जाते. फरसबंदीला शंभरात एक (शंभर मीटर लांबीत एक मीटर उतरण) ते पन्नासात एक, हिरवळीला किमान पन्नासात एक उतार हवा. चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प बारात एकपेक्षा तीव्र नको. हे आकडे पाठ असणे पुरेसे नाही. अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांचा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) सर्व्हे हातात घेऊन ते प्रत्यक्ष बसवता आले पाहिजेत.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या वाहनतळाच्या छतावर म्हणजे पोडियमवर, कारण तिथे लँडस्केप आर्किटेक्टला स्लॅब पडल्यावर बोलावतात. ओली माती घनमीटरला साधारण १.८ ते २ टन भरते. झुडपांना अर्धा मीटर, मध्यम झाडाला एक ते सव्वा मीटर माती लागते. म्हणजे झाडाखाली प्रत्येक चौरस मीटरवर दोन टनांच्या आसपास वजन. घराच्या खोलीचा स्लॅब माणसे आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला २०० किलो धरून काढतात, त्याच्या हे सुमारे दहापट झाले. हा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी सांगितला नाही तर मग ३०० मिलिमीटर मातीत कडुनिंब लावण्याची वेळ येते. तो कडुनिंब जगतो तोवर मुळे वॉटरप्रूफिंगमध्ये शिरतात, आणि गळती सुरू झाली की झाडच काढतात. ड्रेन सेल (मातीखाली पाणी वाहून नेणारा पोकळ थर), जिओटेक्स्टाईल (माती अडवून पाणी जाऊ देणारे कापड), मुळांना अडवणारा थर आणि निचऱ्याच्या तोंडाशी उघडता येणारी जाळी, हे चारही रेखाटनात आणि दरपत्रकात असायला हवेत.

परवानग्यांच्या नियमांतही या ज्ञानाची गरज आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती जागा बहुतेकदा उरलेल्या कोपऱ्यात जाते. पर्यावरण मंजुरीच्या अटींत दर ८० चौरस मीटर जमिनीमागे एक झाड येते. वीस हजार चौरस मीटरच्या भूखंडावर ही २५० झाडे होतात. आराखडा आधी नसेल तर सगळी कुंपणाच्या भिंतीलगत दीड-दीड मीटरवर उभी राहतात आणि एकमेकांना वाढू देत नाहीत. वृक्ष संरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी झाडे लावायची असतात आणि ५० वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते. वय कोण ठरवणार, नवी झाडे कोणत्या मातीत लागणार आणि त्यांना उन्हाळ्यात पाणी कोण देणार, ही या शिक्षणातलीच कामे आहेत.

आता सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. रस्ते, घाट, नदीकाठ यांची कामे निघाली आहेत. साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या वसाहतीसाठी, तपोवनातील झाडांवरून वाद झाला, रामकुंड परिसरात नदीच्या तळाच्या काँक्रीटचा प्रश्न त्याआधीचा आहे. गोदाकाठी निळ्या रेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, काय टिकते हे २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनी दाखवले आहे. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या (नाशिककरांची पूर मोजायची खूण) कमरेपर्यंत पाणी आले की काठावरचे बाक, दिवे आणि नाजूक शोभेची झाडे यांचे काय होते, हे नाशिककरांना सांगायला नको. अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज ही झाडे पुराचे पाणी सोसतात आणि माती धरून ठेवतात. तिथे हिरवळ आणि शोभेचे पाम लावणे म्हणजे दर पुरानंतर पुन्हा निविदा काढणे.

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये लँडस्केपसाठी स्वतंत्र भाग आहे आणि लँडस्केप आर्किटेक्टसाठी त्या विषयातील पदवीची अपेक्षाही आहे. पण स्थानिक संस्थेने स्वीकारल्याखेरीज ती संहिता बंधनकारक होत नाही. म्हणून नाशिक महापालिकेला आणि सिंहस्थाची कामे पाहणाऱ्या यंत्रणेला आमची विनंती आहे. उद्यान, नदीकाठ आणि रस्त्याकडेची लागवड यांच्या निविदेत ही कामे पुढील पात्रता असलेल्या लँडस्केप आर्किटेक्टनेच करावीत अशी अट घाला: लँडस्केप आर्किटेक्चरमधील पदव्युत्तर पदवी आणि वास्तुकला परिषदेची नोंदणी. उतार आणि निचऱ्याचे रेखाटन त्यांच्या सहीचे असावे. 'लॉन, चौरस मीटर' आणि 'झाडे, नग' एवढ्या दोन ओळींवर काम देऊ नये. प्रत्येक जातीची उंची, खोडाचा घेर, खड्ड्याचे माप आणि मातीचे मिश्रण दरपत्रकात लिहिलेले असावे. देखभालीची मुदत किमान तीन उन्हाळ्यांची ठेवावी आणि ठेकेदाराच्या रकमेचा काही भाग तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत झाडे मोजून द्यावा. या अटींसाठी नवा कायदा लागत नाही, निविदेत त्या लिहिल्या की झाले.

आपले,
लँडस्केप आर्किटेक्चर क्षेत्रात काम करणारे काही नाशिककर